नवा टायर टाकला, तरी सायकल जड का?

गेल्या महिन्यात पंक्चर घरी कसं काढायचं ते आम्ही सांगितलं होतं. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले, काही चिठ्ठ्या आल्या, आणि नववीतली एक मुलगी तर शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून थेट आमच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, पप्पांनी नवा टायर टाकून दिला, पण तेव्हापासून सायकल आधीपेक्षा जड चालते. मला दम लागतो. आजी म्हणते, पोरीच्या अंगात रक्तच नाही."

आजीचं म्हणणं आम्ही उडवून लावलं नाही. उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घे, हे तिला सांगितलंच. पण पोरीचा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर सायकलीतच शोधायला हवं होतं. तिची शाळा शेजारच्या गावात, ४ किलोमीटरवर. आधी वीस-बावीस मिनिटांत पोचायची, आता अर्धा तास लागतो, प्रार्थना चुकते. घरात बोलणं सुरू झालं होतं की एवढं जमत नसेल तर शाळा राहू दे, पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देऊ. बाहेरून म्हणजे काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून आजचं सगळं बोलणं टायरचं.

सायकल होती तिच्या भावाची. त्याला मोटरसायकल आल्यावर ही हिच्याकडे आली. दांडीची, रुंद चाकांची. मागचा टायर कडेला फाटला होता. वडिलांनी तालुक्याहून चांगला मजबूत बघून आणला. ट्रॅक्टरच्या टायरासारखे उंच उंच ठोकळे असलेला. पैसेही जास्त मोजले. लेकीला वाटेत पंक्चर होऊ नये म्हणून त्या माणसानं जास्तीचा खर्च केला आणि सायकल जड झाली. यात त्याची चूक नाही. दुकानात टायर बघताना आपण सगळ्याच जाडी बघतो, हातात वजन करून बघतो. जे जड ते टिकाऊ, हा भांड्यांचा हिशोब आपण टायरला लावतो.

आता टायर सायकलला मागे कसा ओढतो ते बघू. कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबा. खड्डा पडतो आणि तसाच राहतो, दाबायला लावलेला जोर परत मिळत नाही. रबरी चेंडू दाबा, तो पुष्कळसा जोर परत देतो, पण सगळा नाही. टायर चालताना हेच होतं. जमिनीला टेकलेला भाग आपल्या वजनानं चपटा होतो, पुढे गेला की परत गोल होतो. प्रत्येक वेळी थोडा जोर रबरातच जिरतो, त्याची ऊब होते. २६च्या चाकाचा एक फेरा म्हणजे २ मीटरच्या थोडं वर. ४ किलोमीटरला जवळजवळ २ हजार फेरे झाले, आणि फेऱ्यातला प्रत्येक क्षण टायरचा कुठला ना कुठला भाग चपटा होतो आहे. हा जिरणारा जोर आपल्या मांड्यांतून येतो.

हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो, म्हणजे जास्त जोर जिरतो. रबर जाड असेल तर ते वाकवायलाच जास्त जोर लागतो. त्यावर उंच ठोकळे असतील तर डांबरी रस्त्यावर प्रत्येक ठोकळा टेकताना दबतो, वाकतो, सुटतो. तो जो घर्रर्र आवाज येतो ना, तोही तुमच्याच पायांच्या जोरावर येतो. ठोकळे मऊ मातीत रुतायला केलेले असतात. डांबरात रुतायला काही नाही.

कुणी म्हणेल, सायकलच्या शर्यतीत तर सगळे वाऱ्याबद्दल बोलतात. खरं आहे, जोरात चालवणाऱ्याला वारा जास्त अडवतो. पण आपण डोक्याला रुमाल बांधून, कॅरियरला डबा लावून, ताशी दहा-बारा किलोमीटरनं जातो. या चालीला, वारा समोरून नसेल आणि चढ नसेल, तर टायरचं ओढणं हा खर्चातला मोठा वाटा असतो. टायरकडे बघायची गरज शर्यतवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त आहे, असं आमचं मत आहे.

आम्ही एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा, पैसा लागत नाही. पाझर तलावाकडून उतरणारा डांबरी रस्ता आहे. वर खडूनं रेघ मारली. त्या मुलीनं रेघेवरून सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, दप्तर तेच, बसणं तेच. जिथे थांबेल तिथे दगड ठेवायचा. रस्त्यावर गाडी येत नाही ना हे बघायला वर एक आणि खाली एक अशा दोघी उभ्या केल्या. वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर, हे करायचं. एकदाच करून भागत नाही, प्रत्येक प्रकाराला तीनदा.

पहिल्यांदा सायकल जशी आणली होती तशीच सोडली. ती बसथांब्याच्या अलीकडेच थांबली. मग दोन्ही चाकांत टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरली आणि पुन्हा सोडली. बसथांबा ओलांडून कडुलिंबापर्यंत गेली! शेवटी आमच्यातल्या एकीच्या सायकलचा त्याच मापाचा, मधे सपाट पट्टा असलेला टायर मागे चढवून सोडली, तेव्हा कडुलिंबाच्याही पुढे, शेताच्या वाटेपर्यंत. आम्हाला स्वतःला वाटलं होतं की सगळा दोष त्या ठोकळ्यांचा असेल. निम्म्याहून जास्त दोष हवेचा निघाला. जाड टायर हाताला घट्टच लागतो, त्यामुळे आत हवा नाही हे कुणाला कळलंच नव्हतं.

असाच प्रयोग फार पूर्वी एका बापानंही केला होता. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा नसलेली कडक चाकं होती, दगडी रस्त्यावर पोराला हादरे बसत. डनलॉपनी लाकडाच्या चकतीवर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि अंगणात ती चकती आणि जुनं चाक, दोन्ही लोटून बघितली. हवेचं चाक कितीतरी लांब गेलं. १८८८ साली त्यांनी पेटंट घेतलं आणि १८८९ मध्ये विल्यम ह्यूम या सायकलस्वारानं हवेचे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. हे कसं झालं? रस्त्यावरचा खडा आला की कडक चाक त्याच्यावर चढतं, म्हणजे सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतं. हवेचा टायर तो खडा पोटात घेतो आणि तसाच पुढे जातो.

म्हणून हवा दगडासारखी ठासून भरणंही बरोबर नाही. डांबरी रस्ता गुळगुळीत असेल तर टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वरच्या टोकाला भरा. मुरमाचा रस्ता असेल तर थोडी कमी, नाहीतर सायकल नुसती उडत जाते, हात दुखतात आणि वळणावर चाक जमीन सोडतं. टायरच्या कडेला इंग्रजीत पीएसआय अशी अक्षरं असतात, त्यांच्याजवळचा आकडा बघायचा. रुंद टायरला बहुधा ४० ते ६० च्या आसपास असतो, अरुंद टायरला त्याहून जास्त. दुसरीच्या सायकलचा आकडा आपल्याला लावायचा नाही. आणि फार कमी हवेत दगडावर चाक आदळलं, तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या, तर काटा शोधत बसू नका, ते कमी हवेचं काम आहे.

हवा टिकत नाही अशी तक्रार कराल, तर आधी वॉलट्यूब बघा. आपल्याकडच्या साध्या सायकलींना बहुतेक हाच व्हॉल्व्ह असतो, पितळी पिनेवर चढवलेली बारीकशी रबरी नळी. उन्हानं ती चिकट होते नाहीतर चिरते. तोंडाशी थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं. पाच-दहा रुपयांचं काम असतं आणि आपण नवी ट्यूब टाकून येतो. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू जातेच, त्यामुळे आठवड्याला एकदा पंप मारायचा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं भरत असाल तर थोडी थोडी, थांबत थांबत. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा ती किती! दोन-चार सेकंदात जास्त होते आणि कानाशी फटाका वाजल्यासारखी फुटते.

आता मापाकडे येऊ. इथे बायकांचे पैसे आणि दिवस फुकट जातात. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी मजुरीचा एक दिवस पाडला, एसटीनं तालुक्याला गेल्या, दुकानात म्हणाल्या, लेडीज सायकल आहे, २६चा टायर द्या. २६चा टायर मिळाला. घरी आल्यावर तो चढेना. नवरा, दीर, शेजारचा पोरगा, तिघांनी पाने लावून बघितलं, रिमला ओरखडे पडले, टायर काही बसला नाही. बसणारच नव्हता. २६ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या रिमा चालतात. लेडीज सायकलला बहुधा २६ बाय १⅜ असतो, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश, अपूर्णांकात लिहिलेला. रेंजरसारख्या रुंद चाकाच्या सायकलला २६ बाय १.७५ किंवा १.९५, दशांश चिन्ह देऊन लिहिलेला. पहिल्याची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची ५५९. तब्बल ३१ मिलिमीटरचा, एका इंचाहून जास्त फरक. शाळेत अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक सारखेच असतात असं शिकलो, टायरच्या दुकानात मात्र ती दोन वेगळी घराणी आहेत.

म्हणून जुन्या टायरच्या कडेचं बारीक लिखाण ओल्या फडक्यानं पुसून वाचा. त्यात ३७-५९० किंवा ४७-५५९ असा जोड आकडा सापडला तर सोनंच. मागचा आकडा रिमचा, तो जुळलाच पाहिजे. पुढचा आकडा टायरची जाडी, त्यात थोडं कमीजास्त चालतं. मोबाइलवर फोटो काढून न्या, म्हणजे दुकानदाराशी वाद नको. जाडी वाढवणार असाल तर मडगार्ड, ब्रेक आणि मागच्या दोन दांड्यांच्या मधे टायरच्या भोवती बोटभर जागा उरते का बघा. त्या मुलीच्या सायकलीत हीसुद्धा भानगड होती. चाक थोडं वाकडं होतं, आणि प्रत्येक फेऱ्याला एका जागी ठोकळे मडगार्डला घासत होते.

वेगाचं एवढं झालं. पण टायर बदलला की सायकल वळते कशी, थांबते कशी, हेही बदलतं, आणि त्यात हाडं मोडतात. आमच्यातलीच एक, अंगणवाडीत जाणारी, दोन पावसाळ्यांपूर्वी पडली. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून तीनच दिवसांपूर्वी नवा टाकून घेतला होता. पुढचा तसाच ठेवला, कडेनं चिरलेला आणि हवा कमी असलेला. ग्रामपंचायतीच्या वळणावर भुरभुर पाऊस होता. हँडल वळवलं आणि पुढचं चाक गेलं. ब्रेक दाबायला, पाय टेकायला सवडच मिळाली नाही. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर आणि तेवढे दिवस घरातल्या भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या.

मागचं चाक घसरलं तर बुडाखाली कळतं, सायकल शेपूट हलवते, आपण पाय टेकून सावरतो. पुढचं घसरलं तर कळेपर्यंत आपण जमिनीवर असतो. म्हणून चांगला टायर नेहमी पुढे. पण झिजतो आधी मागचा, कारण निम्म्याहून जास्त वजन, कॅरियरवरचं ओझं आणि पायडलचा जोर सगळा तिथेच. दुकानदार काय करतो, मागचा झिजला म्हणून नवा मागे टाकतो. त्याला सांगायचं, भाऊ, पुढचा काढून मागे टाका आणि नवा पुढे टाका. तो म्हणेल, दोन चाकं खोलावी लागतील, मजुरी वाढेल. वाढू द्या. आणि पुढचाही चिरलेला असेल, आमच्या मैत्रिणीचा होता तसा, तर तो मागेही टाकायचा नाही, दोन्ही बदलायचे.

पुढच्या चाकात हवा कमी असली की हँडल जड लागतं, वळताना सायकल पाण्यात चालवल्यासारखी डुलते, आपण जास्त वळवतो आणि मग ती एकदम कोसळते. ठोकळ्यांचा टायर पुढे असेल तर डांबरावर वळताना ठोकळे आडवे वाकतात, तेव्हाही तसाच हलका डुलावा जाणवतो. नवा टायर टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस वळणावर हळू जा. सायकल तीच असली तरी हाताला तिची नवी सवय व्हावी लागते.

ओल्या डांबरासाठी नक्षीचा टायर हवा, असं पुष्कळजणी मानतात. आम्हीही मानत होतो. मोटारीचा रुंद टायर पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, वेगही कमी, तो पाणी कापून खाली टेकतोच. ओल्या डांबरावर रबर जितकं सलग टेकेल तितकं बरं. भीती असते ती रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची, लोखंडी जाळीची, सांडलेल्या ऑइलची. तिथे कुठलाच टायर वाचवत नाही, सरळ जायचं, वळायचं नाही आणि ब्रेक दाबायचा नाही.

मग ठोकळे कुठे कामाचे? मुरमात, वाळूत, ओलसर पांदीत. काळ्या मातीच्या चिखलात काहीच कामाचं नाही, हे आपण जन्मापासून बघतोय. ठोकळ्यांच्या मधल्या जागा चिखलानं भरतात, टायर लाडवासारखा होतो, मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. तिथे उतरून चालणं, नाहीतर सायकल बांधावरून नेणं हेच खरं.

राहिला काट्यांचा प्रश्न. वेडी बाभूळ आणि सराटे असलेल्या वाटेला अगदी पातळ टायर घ्या असं आम्ही म्हणणार नाही. दोन मिनिटं लवकर पोचण्यासाठी आठवड्याला दोनदा पंक्चर कोण काढणार? काही जणी टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालतात. काटा थांबतो, सायकल थोडी जड होते, हा सौदा ज्याचा त्यानं करावा. फाटलेल्या जागी आतून गेटर लावला असेल तर दर फेऱ्याला एक उचकी लागल्यासारखी बसते. तो चार दिवसांची सोय म्हणून ठीक, आणि पुढच्या चाकात तर नकोच. आमच्या भागातल्या रस्त्यांना आम्हाला पटलेला टायर म्हणजे मधे सलग सपाट पट्टा आणि दोन्ही कडांना खाचा. डांबरावर पट्टा चालतो, मुरमात कडा धरतात.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलींसाठी मदत मिळते. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकल द्यायला लागले, तेव्हा हायस्कुलात जाणाऱ्या मुली वाढल्या, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे. पण सायकल मिळते एकदा, आणि टायर काही वर्षांनी लागतोच. आमच्या गावात फिरून बघा, किती सायकली अंगणात उन्हात, हवा गेलेल्या टायरवर उभ्या आहेत. हवा नसताना उभा राहिलेला टायर कडेनं मोडतो, उन्हानं चिरतो, न चालवताच मरतो. सुट्टीत सायकल आत घ्या, निदान सावलीला, आणि चाकात हवा ठेवा.

त्या मुलीचा ठोकळ्यांचा टायर चुलत्यानं घेतला, त्याला शेताच्या पांदीनं जावं लागतं. त्याच्या पैशातून आणि वर थोडे घालून पट्ट्याचा टायर आला, तो पुढे बसला. पुढचा चांगल्या अवस्थेतला मागे गेला. चाकाचा वाकडेपणा आरे ताणून काढला. गेल्या सोमवारी तिनं येऊन सांगितलं की तेवीस मिनिटं लागली. रक्ताचा रिपोर्टही आला, थोडं कमीच आहे, गोळ्या सुरू आहेत. म्हणजे आजीही अर्धी बरोबर होती.

केंद्राच्या ओट्यावर आम्ही पायानं मारायचा, काट्याचा पंप ठेवला आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, कुणीही यावं आणि हवा भरून घ्यावी. साध्या वॉलट्यूबला त्यावरचा काटा थोडा जास्त दाखवतो, तेवढं धरून चाला. येताना टायरवरचा आकडा वहीत लिहून आणा. पुढच्या बुधवारी ब्रेकचं बोलू.